कमानी मोजून झाल्यावर

जुन्या जलसेतूंवरच्या आपल्याकडच्या लेखांचा एक साचा झाला आहे. कमानी मोजायच्या, चुन्याची तारीफ करायची, ‘आजही दिमाखात उभा’ असं म्हणून थांबायचं. रुरकीच्या सोलानी जलसेतूवर असं लिहिणं तर फारच सोपं. प्रोबी कॉटलीचा गंगा कालवा १८५४ साली सुरू झाला, तो इथे सोलानी नदी ओलांडतो. ५० फुटी १५ कमानी, टोकांना सिंह. माती वाहायला १८५१ मध्येच इथे वाफेचं इंजिन धावलं, म्हणजे मुंबई-ठाणे गाडीच्याही आधी.

पण जलसेतू म्हणजे साधा पूल नव्हे. पुलावरची गाडी येते आणि जाते. इथे १० फूट खोल पाणी धरलं तर दर चौरस फुटावर सुमारे २८० किलोंचा भार रात्रंदिवस बसून असतो. गंमत म्हणजे वरून नाव गेली तरी तो वाढत नाही, कारण नाव स्वतःच्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते. हे सगळं कॉटलीने पेललं. चुकला तो उतारात. पाण्याच्या वेगासाठी त्याने द्युब्वा या फ्रेंच अभियंत्याचं सूत्र घेतलं होतं. एवढ्या मोठ्या कालव्यात पाणी अपेक्षेपेक्षा जोरात धावलं, तळ खरवडला गेला. आर्थर कॉटनने पुढे या कालव्यावर सडकून टीका केली. छोट्या डेटावर बसवलेलं सूत्र मोठ्या लोडखाली कसं वागतं, हे माझ्या धंद्यातल्या कुणालाही सांगावं लागणार नाही. कमानींच्या कौतुकात मात्र उताराला एक ओळही मिळत नाही.

हाच साचा आपल्या खानदेशातही चालतो. चिंचपाड्याहून धुळ्याच्या बाजूला निघालं की साक्री तालुक्यात पांझरेवरचे फड बंधारे लागतात. त्यांच्यावरचे लेखही दगडांपाशीच अडकतात. खरी रचना बंधाऱ्याच्या खाली, पाटावर आहे. एका फडात एक पीक, म्हणजे पाळी एकदमच. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, वर हवालदार. पाणी कमी पडेल त्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवतात. शेतकऱ्याची जमीन वेगवेगळ्या फडांत विखुरलेली असली, की तो तोटा एकट्याच्या माथी बसत नाही.

पाटकरी कुणाच्या सांगण्यावरून दार उघडतो, आणि वर धरण झाल्यावर त्याचं काय झालं, एवढं जरी लेखकाने विचारलं तरी बंधाऱ्याच्या फोटोखाली लिहायला पुष्कळ मिळेल.