बेशरेलची कोष्टके आणि फ्रेंच कान

फ्रेंच शिकू लागलेल्या माणसाच्या हाती आज ना उद्या बेशरेल येतोच. लुई-निकोला बेशरेल या व्याकरणकाराने आपल्या बंधूसह १८४२ साली क्रियापदांच्या रूपांची पुस्तिका काढली. पुढे त्याचे आडनाव हेच ग्रंथाचे नाव होऊन बसले. आपल्याकडे 'अमर पाठ आहे' म्हटले की कोश समजावा, तसाच हा प्रकार. आज बारा हजार क्रियापदांचा निर्देश असलेला ग्रंथ त्याच नावाने विकला जातो.

त्याची थोरवी प्रथम मान्य केली पाहिजे. काही क्रियापदे नमुन्यादाखल घेऊन त्यांची सर्व रूपे कोष्टकात मांडावयाची, आणि शेवटच्या सूचीत प्रत्येक क्रियापदापुढे त्याच्या नमुन्याचा क्रमांक द्यावयाचा, ही त्याची रचना. आम्हां वकिलांस ती चटकन पटते. एका खटल्याचा निवाडा झाला की त्या जातीच्या शेकडो प्रकरणांस तो लागू व्हावा, तसे हे शास्त्र आहे. हा ग्रंथ आम्ही आदराने मेजावर ठेवतो. परंतु नवशिक्याचा पहिला गुरू म्हणून त्याची शिफारस करण्यास आमची तयारी नाही.

याचे कारण कानात आहे. संस्कृताची रूपे घोकून तोंडपाठ करता येतात, कारण भवति, भवतः, भवन्ति यांतील प्रत्येक रूप कानास वेगळे लागते. 'बोलणे' या अर्थाचे फ्रेंच क्रियापद तसे चालवून पाहावे : झ पार्ल, त्यू पार्ल, इल पार्ल, नू पार्लों, वू पार्ले, इल पार्ल. कागदावर सहा जागी पाच प्रकारचे लेखन, आणि कानावर मात्र तीनच रूपे! 'मी', 'तू', 'तो' आणि 'ते' या चौघांचे क्रियापद बोलण्यात एकच. लेखनातील शेवटची अक्षरे मुकी आहेत. कोष्टक नेमका त्यांचाच थाट मांडते.

आता यातून जे निष्पन्न होते ते कोष्टक सांगत नाही. आपण 'येतोस का?' असे म्हणतो, 'तू' म्हणण्याचे कारण पडत नाही. पुरुष, वचन आणि लिंगही प्रत्ययानेच कळते. पोर्तुगीज जाणणाऱ्या गोमंतकीयास 'फालु' एवढे म्हटल्याने 'मी बोलतो' हा अर्थ पुरतो. फ्रेंचात सर्वनाम गाळले तर बोलणाराच नाहीसा होतो. प्रत्ययाचे काम तेथे पुढे बसलेले सर्वनाम करते. पुष्कळदा तर त्याचीही अखेरची ध्वनिरेषा पाहावी लागते : 'तो प्रेम करतो' हे 'इल एम', 'ते प्रेम करतात' हे 'इल्झ एम', अनेकवचन त्या एका झकारात आहे. म्हणून सर्वनाम आणि क्रियापद हा एकच शब्द समजून, तो ऐकून शिकावा, असे आमचे मत आहे.

हे मत आम्हांस फुकट मिळालेले नाही. कोष्टके मुखोद्गत करून आम्ही एकदा पुदुच्चेरीस गेलो आणि एका फ्रेंच गृहस्थांस आमच्या स्नेही दांपत्याविषयी सांगू लागलो. त्यांना दोन मुले आहेत, असे सांगावयाचे होते. 'इल्झ ओं' म्हणावयाचे ते आम्ही 'इल सों' म्हणालो. अर्थ झाला, 'ती दोघे म्हणजे दोन मुले आहेत'! गृहस्थ सभ्य होते, तरी हसू लपले नाही. 'असणे' आणि 'जवळ असणे' ही दोन क्रियापदे तेथे एका ध्वनीच्या अंतरावर उभी आहेत. मराठीत दुसऱ्यास स्वतंत्र क्रियापदच नाही. 'मला दोन भाऊ आहेत' म्हणून आपण भागवतो. फ्रेंच मनुष्य भूकही बाळगतो आणि वयाची वर्षेही बाळगतो. आमच्या चाळिशीवर आमचा असा ताबा आहे, हे आम्हांस तोवर ठाऊक नव्हते.

कोष्टकांच्या या परंपरेचा दुसरा दोष म्हणजे 'ओं' या सर्वनामास स्वतंत्र ओळ मिळत नाही. देवनागरीत ते ओंकारासारखे दिसते खरे, पण वृत्तीने अगदी प्रापंचिक आहे. त्याचे मूळ 'मनुष्य' या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे, आणि त्याचे क्रियापद नेहमी एकवचनी. १८०४ च्या फ्रेंच दिवाणी संहितेचे सहावे कलम याच शब्दाने सुरू होते : खाजगी कराराने सार्वजनिक सुव्यवस्थेचे कायदे कोणासही बाजूस सारता येत नाहीत, असा त्याचा आशय. १८७० पासून गोव्यात लागू झालेली १८६७ ची पोर्तुगीज संहिता त्या फ्रेंच संहितेच्या प्रभावाखाली घडली, आणि तिचा कुटुंबविषयक भाग तेथे अजून चालतो. तेव्हा गोमंतकीय कायदेपंडितास हे कुळ परके नाही. पण कायद्यातील हाच भारदस्त शब्द फ्रेंच घरात 'आम्ही' म्हणून रात्रंदिवस वापरला जातो. 'चला, जाऊ या' म्हणतानाही तोच. मराठी माणसास तो समजण्यास अडचण पडू नये, कारण आपले 'आपण' असेच लवचीक आहे. फरक एवढाच की 'ओं'मध्ये ऐकणारा येतोच असे नाही.

'त्यू' आणि 'वू' यांचा भेद आपल्या 'तू' आणि 'तुम्ही' इतकाच, म्हणून त्यावर आम्ही शाई खर्चीत नाही. १७९३ साली पॅरिसच्या लोकसभांनी सर्वांनी सर्वांस 'त्यू' म्हणावे असा अर्ज क्रांतिकारी परिषदेपुढे केला होता. 'वू' त्यातूनही तगले.

अनियमित रूपांचा बाऊ मात्र अनाठायी वाटतो. 'जाणे' या फ्रेंच क्रियापदात झ व्हे, नू झालों आणि भविष्यकाळी झिरे अशी तीन कुळांची रूपे एकत्र नांदतात, म्हणून विद्यार्थी घाबरतात. 'जातो' आणि 'गेला' ही आपली रूपे तरी एका धातूची कोठे आहेत? पहिले 'या'पासून, दुसरे 'गम्'पासून. आईच्या मांडीवर शिकलो म्हणून ते आपल्याला टोचले नाही. बेशरेलच्या पानावर ही रूपे एकाखाली एक उभी असतात आणि शत्रूच्या तुकडीसारखी दिसतात; रोजच्या दोन-चार वाक्यांत ती सुटी भेटली तर परिचयाची होतात.

जाता जाता एक. लेखक एकटा असून 'आम्ही' म्हणतो, तेव्हा फ्रेंच व्याकरण क्रियापद अनेकवचनी घेते, पण त्याचे विशेषण एकवचनीच ठेवते. हा मुद्दा कोष्टकात बसत नाही. तो आम्हांस एका निकालपत्राच्या वाचनात सापडला.