बाप्तिस्मा : पाण्याचा विधी आणि मनाचा निश्चय

लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' आपल्यापैकी बहुतेकांनी वाचले आहे. १९५६ साली नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला आली आणि नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर येथील कचेऱ्यांबरोबर अनेक मराठी कुटुंबे या शहरात स्थिरावली. त्या घरांतील मोजक्या मराठी पुस्तकांत हे पुस्तक असणे मुळीच नवलाचे नव्हते. परंतु आपण ते वाचले कसे, हा प्रश्न स्वतःला विचारण्यासारखा आहे. टिळकांचा विक्षिप्तपणा, लक्ष्मीबाईंचा मिश्कीलपणा, संसारातील फजितीचे प्रसंग यांवर आपण मनमुराद हसलो. ज्या घटनेने हा संसार मधोमध दुभंगला, ती बाप्तिस्म्याची घटना मात्र आपण पाहुण्यांसमोर न काढण्याच्या कौटुंबिक गोष्टीसारखी बाजूला ठेवली. मराठी समीक्षेनेही पुष्कळदा तेच केले, असे आमचे नम्र मत आहे.

याचे एक कारण भाषेत दडलेले आहे. या घटनेसाठी मराठीत दोन शब्दप्रयोग रूढ आहेत. घरचे लोक म्हणत, 'अमका बाटला'. तो स्वतः म्हणे, 'मी बाप्तिस्मा घेतला'. 'बाटणे' हे दूध नासण्यासारखे, माणसावर ओढवणारे क्रियापद आहे. त्यात माणसाच्या इच्छेला स्थान नाही. 'घेणे' या क्रियापदात मात्र कर्ता आहे, निवड आहे आणि म्हणून जबाबदारीही आहे. एकोणिसाव्या शतकातील मराठी ख्रिस्ती लेखकांचे आत्मपर लेखन म्हणजे पहिल्या क्रियापदाकडून दुसऱ्याकडे जाण्याचा प्रयत्न होय. ज्यास जग अपघात किंवा प्रलोभन समजत होते, तो विचारान्ती केलेला संकल्प होता, हे त्यांना सांगावयाचे होते.

बाप्तिस्मा या शब्दाच्या मुळाशी ग्रीक भाषेतील बुडविण्याचा अर्थ आहे. संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात त्यास मरण आणि पुनरुत्थान यांचे रूप दिले. पाण्याखाली जाणारा मनुष्य जुन्या जीवनास मरतो आणि वर येणारा नव्या जीवनास आरंभ करतो, असा त्याचा आशय आहे. काही पंथ पूर्ण बुडवितात, काही मस्तकावर पाणी शिंपडतात. काही अर्भकास बाप्तिस्मा देतात, काही जाणत्या वयाचा आग्रह धरतात. विधीच्या या भेदांपलीकडे एक गोष्ट समान आहे. हा संस्कार म्हणजे साक्षीदारांसमक्ष दिलेला शब्द आहे. आपल्या परंपरेत त्याला जवळचे उदाहरण शोधावयाचे झाल्यास वारकऱ्याच्या तुळशीच्या माळेचे देता येईल. माळ घालणे म्हणजे अलंकार घालणे नव्हे. एकादशी, वारी आणि शुद्ध आचरण यांची ती बांधिलकी आहे. फरक इतकाच, की माळ घातलेला मनुष्य आपल्याच घरात राहतो. बाप्तिस्मा घेतलेल्याला त्या काळी घर सोडावे लागे.

आपल्याकडेही जातिबहिष्कृताचा संबंध तोडण्यासाठी एक जलविधी होता. धर्मशास्त्रात सांगितलेल्या घटस्फोटात पाण्याने भरलेला घट उलथून टाकीत आणि पतित व्यक्तीस जिवंतपणीच मृत मानीत. आज विवाहविच्छेदासाठी वापरला जाणारा शब्द मूळचा हा आहे. म्हणजे एकाच माणसाचा मृत्यू दोन्हीकडे पाण्याने जाहीर होई, चर्चमध्ये त्याच्या संमतीने आणि जातीत तिच्यावाचून. कोणाच्या हातचे पाणी चालते, यावर जेथे माणसाची पायरी ठरत असे, त्या समाजात बाप्तिस्म्याच्या काही थेंबांनी एवढी खळबळ का उडवावी, हे यावरून ध्यानात येते.

या पार्श्वभूमीवर तीन उदाहरणे पाहण्यासारखी आहेत. पहिले आपल्यासारख्याच स्थलांतरित मराठी घराण्यातील आहे. नीलकंठशास्त्री गोरे यांचा जन्म १८२५ साली झाशीजवळच्या काशीपुरा या गावी, बुंदेलखंडात स्थायिक झालेल्या कोकणस्थ ब्राह्मण कुटुंबात झाला आणि त्यांची विद्या काशीत पार पडली. ख्रिस्ती मताचे खंडन करण्यासाठी त्यांनी ऐन तारुण्यात संस्कृतात ग्रंथ लिहिला. ज्याचे खंडन करावयाचे ते नीट वाचावयास हवे, म्हणून ते वाचीत गेले आणि १८४८ साली जौनपूर येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे ते नेहेम्या गोरे या नावाने ओळखले गेले. लक्षणीय गोष्ट ही, की बाप्तिस्म्याने त्यांच्या शंका संपल्या नाहीत. १८९५ साली मृत्यू येईपर्यंत हा नैयायिक वृत्तीचा पुरुष स्वतःशी वाद घालीतच राहिला. प्रतिज्ञा म्हणजे शंकेचा अंत नव्हे, शंका असतानाही दिलेला शब्द पाळणे होय, हे त्यांच्या चरित्रावरून दिसते.

दुसरे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. त्यांच्या विचारांवर या गोऱ्यांच्याच लेखनाचा मोठा परिणाम झाला होता. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी आपली लहानगी कन्या मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला. परंतु त्यानंतरचा त्यांचा पत्रव्यवहार पाहिला, तर आज्ञाधारक नवदीक्षितेचे चित्र दिसत नाही. त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयी त्या प्रश्न विचारीत राहिल्या, गळ्यातील क्रुसावरील लॅटिन अक्षरांनाही त्यांनी हरकत घेतली. आपण सद्सद्विवेक कोणाकडे गहाण टाकलेला नाही, ही त्यांची भूमिका होती. पुढे १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मनिवेदनात त्यांनी स्वतःच भेद केला. बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता. ख्रिस्त सापडावयास आणखी सुमारे आठ वर्षे लागली, अशा आशयाचे ते निवेदन आहे. विधी आणि बांधिलकी यांच्यातील अंतर एवढ्या प्रामाणिकपणे मोजणारे लेखन आमच्या वाचनात क्वचितच आले. ती बांधिलकी पुढे कोणत्या रूपाने प्रकटली, हे आपल्या प्रांताने पाहिले आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात आल्या आणि अनाथ मुली व विधवा यांना आपल्याबरोबर आश्रयास घेऊन गेल्या.

तिसरे उदाहरण टिळक दांपत्याचे, आणि साहित्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावकडे जाणाऱ्या गाडीत नारायण वामन टिळकांना एक युरोपीय सहप्रवासी भेटला. संस्कृत काव्यावर गोष्टी निघाल्या. उतरताना त्याने बायबलचा नवा करार टिळकांच्या हाती दिला आणि दोन वर्षांत आपण ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. डोंगरावरील प्रवचनाने टिळकांचे मन जिंकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नीस त्यांनी आधी विश्वासात घेतले नाही. काही वर्षे लक्ष्मीबाई लहान मुलासह आप्तांच्या आश्रयाने राहिल्या. त्यातील बराच काळ पंढरपुरात गेला. नंतर त्या अहमदनगरास पतीकडे गेल्या, त्याही आपले सोवळे आणि आपली चूल वेगळी ठेवून.

येथे 'स्मृतिचित्रे'च्या रचनेकडे लक्ष वेधावेसे वाटते. पुस्तकाच्या आरंभी लक्ष्मीबाईंचे वडील आहेत. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या सासऱ्यांना फाशी झाली की वडिलांना, या तपशिलात न शिरता एवढेच म्हणता येईल, की घरावर कोसळलेल्या त्या आघातानंतर सोवळ्याने त्यांचे मन पार झपाटले. बाजारातून आलेली वस्तू, अगदी मिठासारखीसुद्धा, धुतल्याशिवाय घरात यावयाची नाही, असा दंडक होता. वाचक हसतो, परंतु हे पाणी भयाचे आहे. बाहेरचे जग आत येऊ नये म्हणून ते ओतले जात आहे. त्याच घरची मुलगी पुढे स्वतःच्या मनाने विचार करते की माणसामाणसांतील हा भेद देवाने केलेला नसून माणसांनी केलेला आहे, आणि ज्यांच्या हातचे पाणी वर्ज्य होते त्यांच्या हातचे घेते. त्यानंतर १९०० साली तिचा बाप्तिस्मा होतो. हा क्रम महत्त्वाचा आहे. टिळकांचा विधी आधी झाला आणि आचार मागून आला. लक्ष्मीबाईंचा आचार आधी पालटला आणि विधीने त्यावर मोहोर उमटविली. वडिलांच्या पाण्याने दार बंद केले होते, लेकीच्या पाण्याने ते उघडले. लेखिकेने हा अर्थ कोठेही उकलून सांगितलेला नाही, त्यामुळेच तो पटतो.

परंतु समीक्षकाने गौरवावर थांबू नये. टिळकांच्या संकल्पाची किंमत प्रथम कोणी दिली? ती लक्ष्मीबाईंनी दिली, आणि त्यांना विचारलेही गेले नाही. आत्मिक निश्चय कितीही शुद्ध असो, त्याचे ऋण दुसऱ्याच्या नावावर लिहिले जात असेल, तर त्याचा हिशेब मागितलाच पाहिजे. 'कवीचा स्वभाव' म्हणून आपण हा प्रश्न मिटवीत आलो. लक्ष्मीबाईंनी तो मिटविलेला नाही. त्यांनी तक्रारीचा सूर लावला नाही, परंतु त्या वर्षांची घालमेल पानोपानी नोंदवून ठेवली आहे. आमच्या मते 'स्मृतिचित्रे'चे नैतिक बळ या नोंदीत आहे. क्षमा केली आहे, पण विस्मृती केलेली नाही.

टिळकांच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्यांनी आपला शब्द एका तारखेस चिकटवून ठेवला नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत आणि अभंग-ओवीच्या घाटात ख्रिस्तभक्ती गात. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' ही कल्पना मांडली. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना जागा होती. स्वतः एवढी किंमत देऊन, आणि इतरांस द्यावयास लावून, ज्या विधीतून ते गेले, तोच विधी त्यांनी प्रवेशाची अट म्हणून ठेवला नाही. याचा अर्थ त्यांनी बाप्तिस्मा क्षुल्लक मानला असा नव्हे. खूण आणि खुणेने दर्शविलेली वस्तू यांतील भेद त्यांना बावीस वर्षांच्या अनुभवाने कळला होता.

शासकीय सेवेत हयात घालविलेल्या आमच्यासारख्यांना हा भेद विशेष जाणवतो. मध्य प्रदेशात १९६८ साली धर्मस्वातंत्र्याचा कायदा आला, १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला आणि २०२१ साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. बळजबरी, प्रलोभन आणि फसवणूक यांना आळा घालणे हे राज्याचे कर्तव्यच आहे. मात्र विहित नमुन्यात तारीख, ठिकाण आणि नावे येतात. गोऱ्यांची शंका, रमाबाईंची आठ वर्षे किंवा लक्ष्मीबाईंनी घेतलेला तो पाण्याचा पहिला घोट यांसाठी त्यात रकाना नसतो, आणि नसावाही. ते काम साहित्याचे आहे.

आम्ही ख्रिस्ती नाही, आणि हा लेख कोणास कोठे नेण्यासाठी लिहिलेला नाही. आपल्या भाषेतील एक श्रेष्ठ पुस्तक आपण अर्धेच वाचत आलो, एवढेच आमचे म्हणणे आहे. ज्यांच्या घरी ते असेल, त्यांनी वडिलांच्या सोवळ्याचे पहिले प्रकरण आणि लक्ष्मीबाईंच्या मतपालटाचा भाग एकापाठोपाठ एक पुन्हा वाचून पाहावा. हसू येईलच, पण ते पूर्वीपेक्षा थोडे उशिरा येईल, असे आम्हांस वाटते.