वर्गात कोण बसते?

महाविद्यालयाच्या अध्यक्षाचे काम काय, यावर हर्बर्ट सायमन यांनी १९६७ साली एक लेख लिहिला. महाविद्यालयात रसायनशास्त्र जाणणारे असतात, इतिहास जाणणारे असतात. माणूस शिकतो कसा, हे व्यवसाय म्हणून जाणणारा कोणी नसतो, ही त्यांची तक्रार. उपाय म्हणून त्यांनी ‘लर्निंग इंजिनिअर’ सुचवला. त्याने प्राध्यापकांबरोबर बसून शिकवणे सुधारायचे होते.

सायमन यांच्याच कार्नेगी मेलन विद्यापीठात आज या विषयाची पदव्युत्तर पदवी मिळते. मानसशास्त्र आणि संगणकशास्त्र तिथे एकत्र येतात, बाहेरच्या संस्थेसाठी प्रकल्प करावा लागतो. अभ्यासक्रम कसदार आहे. माझा आक्षेप त्यात कोण बसते, यावर आहे.

केनेथ कोडिंगर आणि मिचेल नेथन यांचे काम पाहा. शाब्दिक उदाहरणे समीकरणांपेक्षा अवघड, असे बीजगणिताच्या शिक्षकांना वाटत होते. नवशिकी मुले मात्र गोष्टीतले गणित अधिक वेळा सोडवत आणि तेच समीकरणात मांडले की अडत. ज्याच्या विषय अंगवळणी पडला, त्याला ही अडचण दिसत नाही. (मी पुस्तकांवरून शिकलो, लेखकांना न दिसलेल्या अशा जागी माझी वर्षे गेली आहेत.)

हे कळायला हवे फळ्यापुढच्या माणसाला. पदवी घेतो तो साधने घडवणारा. प्राध्यापकांच्या मदतीला तिथे एबर्ली केंद्र आहे. पण त्याची पायरी चढायची की नाही, हे प्राध्यापकाच्या मर्जीवर. रसायनशास्त्रात डॉक्टरेट करणाऱ्याला, म्हणजे उद्याच्या प्राध्यापकाला, यातले एक सत्र तरी सक्तीचे का नसावे?