औषधविक्रेत्याचा विवेकाधिकार : सर्दीच्या औषधांविषयीच्या अमेरिकी कायद्यांची चिकित्सा

सर्दीने चोंदलेले नाक मोकळे करणारे स्यूडोएफेड्रिन आणि मेथअँफेटामाइन हे घातक अंमली द्रव्य यांच्या रासायनिक रचनेत अंतर फार थोडे आहे. घरगुती भट्ट्यांतून हे अंमली द्रव्य बनविणाऱ्यांना कच्चा माल औषधाच्या दुकानातच मिळू लागला, तेव्हा अमेरिकेत या गोळ्यांच्या विक्रीवर निर्बंध आले. ओक्लाहोमा राज्याने 2004 मध्ये त्या उघड्या फळीवरून काउंटरमागे नेल्या. 2006 मध्ये अंमलात आलेल्या संघीय कायद्याने एका ग्राहकास दिवसाला 3.6 ग्रॅम आणि तीस दिवसांत 9 ग्रॅम अशी खरेदीची मर्यादा घालून छायाचित्रयुक्त ओळखपत्र व नोंदवही सक्तीची केली. तथापि अनेक माणसांकरवी थोडी थोडी खरेदी करविण्याची पळवाट शिल्लक राहिली. नोंदवहीला प्रमाण मोजता येते, हेतू मोजता येत नाही.

या उणिवेवर राज्यांनी दोन भिन्न उपाय योजले. ओरेगॉनने 2006 पासून व मिसिसिपीने 2010 पासून डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची केली. आर्कान्सा (2011) व इंडियाना (2016) यांनी मात्र निर्णय औषधविक्रेत्याकडे सोपविला. इंडियानाच्या कायद्यानुसार दुकानाशी पूर्वसंबंध नसलेल्या ग्राहकाच्या बाबतीत व्यावसायिक निर्णयबुद्धी वापरून विक्री नाकारता येते. चिठ्ठीसाठी डॉक्टरांकडे जाण्याचा खर्च सर्वसामान्य रुग्णावर पडू नये आणि भट्ट्यांनाही आळा बसावा, असा हा मध्यममार्ग होता. त्यामागील निकड खोटी नव्हती. भट्टीच्या स्फोटात भाजलेली माणसे आणि त्याच घरात वाढणारी मुले हे त्या राज्यांतील वास्तव होते.

प्रश्न उद्भवतो तो ‘व्यावसायिक निर्णय’ या शब्दप्रयोगापाशी. औषधविक्रेत्याचे शिक्षण औषधाची मात्रा, परस्परक्रिया आणि दुष्परिणाम यांविषयीचे असते. रक्तदाबाच्या रुग्णास स्यूडोएफेड्रिन न देणे हा त्या ज्ञानावर आधारलेला निर्णय होय. परंतु समोरचा अनोळखी माणूस खरोखर सर्दीने त्रस्त आहे की कुणासाठी माल गोळा करतो आहे, हे ठरविण्याची विद्या औषधशास्त्राच्या अभ्यासक्रमात नाही. ती पोलिसांची कामगिरी आहे, आणि पोलिसांनाही ती पुराव्याविना करता येत नाही. अशा वेळी निर्णय कशावर होणार? पेहरावावर, बोलण्याच्या ढबीवर, वर्णावर, की केवळ अपरिचितपणावर? पूर्वसंबंधाचा निकष वरकरणी तटस्थ वाटतो. पण तो स्थायिक व नियमित ग्राहकाच्या पथ्यावर पडतो आणि प्रवासी, स्थलांतरित मजूर किंवा क्वचितच औषध घेणारा माणूस आपोआप संशयिताच्या रांगेत उभा राहतो. डॉक्टरांची चिठ्ठी सर्वांना सारखीच अडचणीची असते. विवेकाधिकाराची अडचण मात्र निवडक असते. या दृष्टीने पाहता अधिक कठोर वाटणारा ओरेगॉनचा कायदा अधिक समन्यायी होता, असेच म्हणावे लागते.

विक्रेत्याची बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही. लहान गावात नकार देणे म्हणजे कधी शेजाऱ्याचा रोष, तर कधी धमकी ओढवून घेणे. कायद्याने त्यास अधिकार दिला असे म्हणण्यापेक्षा शासनाची जोखीम त्याच्या काउंटरवर आणून ठेवली, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल.

नकार मिळालेल्या रुग्णाने काय घ्यावे? वर्षानुवर्षे पर्याय म्हणून फळीवर फेनिलएफ्रिनच्या गोळ्या होत्या. सप्टेंबर 2023 मध्ये अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने तोंडावाटे घेतलेले हे औषध नाक मोकळे करण्यास निष्प्रभ असल्याचे एकमताने सांगितले, आणि 2024 मध्ये प्रशासनाने ते मान्य घटकांतून वगळण्याचा प्रस्ताव मांडला. म्हणजे विवेकाधिकाराने प्रभावी औषध नाकारले जात होते आणि मोकळेपणाने मिळत होते ते निरुपयोगी.

दरम्यान घरगुती भट्ट्या घटल्या, पण अंमली द्रव्य घटले नाही. मेक्सिकोतील टोळ्यांनी स्यूडोएफेड्रिनविना, अन्य रसायनांपासून ते मोठ्या प्रमाणावर बनवून अमेरिकेत आणले. ओरेगॉन व मिसिसिपी या दोन्ही राज्यांनी 1 जानेवारी 2022 पासून चिठ्ठीची सक्ती उठविली.