बालकांच्या मूत्रपिंड-कर्करोगात रक्तातील मार्करचे मूल्य : जालना जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक

लहान मुलांच्या मूत्रपिंडाच्या कर्करोगात विल्म्स ट्यूमर हा प्रमुख प्रकार होय. जर्मन शल्यचिकित्सक मॅक्स विल्म्स यांनी 1899 मध्ये त्याचे सविस्तर विवेचन केले. शस्त्रक्रिया, केमोथेरपी व आवश्यक तेथे किरणोपचार यांमुळे प्रगत देशांत सुमारे 90 टक्के मुले वाचतात. रोग उलटल्यास तो बहुधा पहिल्या दोन वर्षांत, विशेषतः फुप्फुसात उलटतो. म्हणूनच उपचारानंतरची देखरेख निर्णायक ठरते.

विवेचन

हेपॅटोब्लास्टोमा या यकृताच्या कर्करोगात रक्तातील अल्फा-फीटोप्रोटीनवरून रोगाचा मागोवा घेता येतो. विल्म्स ट्यूमरसाठी असा सर्वमान्य मार्कर नाही. हिमोग्राम व क्रिएटिनिन या तपासण्यांतून उपचारांचे परिणाम आणि उरलेल्या मूत्रपिंडाचे कार्य समजते. गाठ परतली काय, हे त्या सांगत नाहीत. 'रक्त नॉर्मल, म्हणजे मूल बरे' हा समज त्यामुळे घातक ठरू शकतो.

रक्तात मिसळलेल्या गाठीच्या डीएनएकडून आज मोठ्या अपेक्षा आहेत. अमेरिकेतील चिल्ड्रन्स ऑन्कॉलॉजी ग्रुपच्या 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिसऱ्या व चौथ्या अवस्थेतील 50 पैकी 41 रुग्णांच्या रक्तात तो आढळला. तथापि उरलेल्या नऊ रुग्णांत रोग असूनही तो आढळला नाही. शिवाय ते नमुने उपचारापूर्वीचे होते. गाठ मोठी असतानाचे निष्कर्ष, ती नुकतीच उलटू लागली असतानाच्या देखरेखीस जसेच्या तसे लावणे तर्कदृष्ट्या सदोष होय.

जालना जिल्ह्यात हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेचा राहत नाही. मंठा वा परतूर तालुक्यातील कुटुंबास कर्करोगाच्या उपचारासाठी छत्रपती संभाजीनगर किंवा मुंबई गाठावी लागते. प्रत्येक फेरीत आई-वडिलांची मजुरी बुडते. मुलाऐवजी रक्ताचा नमुना पाठविता आला, तर त्याचा लाभ अशाच कुटुंबांस सर्वाधिक होईल. परंतु खोट्या दिलाशाची किंमतही तीच कुटुंबे मोजतील. कारण एकदा 'दोष नाही' असा अहवाल हाती आला, की पुढील फेरी टळण्याचा संभव अधिक. याउलट पोटाची सोनोग्राफी व छातीचा एक्स-रे ही देखरेखीची मान्य साधने जालना शहरातही उपलब्ध आहेत.

समारोप

मार्करचे मोल दोन कसोट्यांवर ठरावे : तो दूरच्या मुलाची फेरी वाचवितो काय, आणि त्याच्या नकारार्थी अहवालावर विसंबता येते काय? दुसऱ्या कसोटीस आजचा कोणताही मार्कर उतरत नाही. तोपर्यंत ठरल्या तारखेची सोनोग्राफी व एक्स-रे जिल्ह्यातच होऊन त्यांचे अहवाल उपचार करणाऱ्या तज्ज्ञांपर्यंत पोहोचणे, हीच अधिक निकडीची गरज होय.