‘शेर्बूरच्या छत्र्या’ : घरी पाहताना

जाक देमी या फ्रेंच दिग्दर्शकाचा ‘शेर्बूरच्या छत्र्या’ हा चित्रपट १९६४ साली प्रदर्शित झाला आणि त्याच वर्षी कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक त्यास लाभले. २०१४ साली क्रायटेरियन या संस्थेने देमींच्या सहा चित्रपटांचा संच घरी पाहण्याच्या तबकड्यांवर प्रसिद्ध केला; त्यात हा चित्रपट आहे. घरबसल्या तो पाहावयास मिळणे ही रसिकांची सोय खरीच. परंतु तिचे मोल सोयीहून अधिक आहे. कारण या कृतीचा अर्थ तिच्या रंगांत साठविलेला आहे.

त्या काळच्या ईस्टमन फितीवरील रंग वर्षागणिक फिके पडत. हे ओळखून देमींनी रंगांची तीन अंगे वेगळी करून त्यांच्या तीन कृष्णधवल प्रती करवून ठेवल्या होत्या. देमी १९९० साली निवर्तले. पुढे त्यांच्या पत्नी, दिग्दर्शिका आन्येस वार्दा यांच्या देखरेखीखाली त्या प्रतींवरून रंग पुनश्च जुळविले गेले.

कथानक साधेच आहे. १९५७ च्या नोव्हेंबरात ते सुरू होते. जनव्हिएव्हच्या आईचे छत्र्यांचे दुकान; तिचा प्रियकर गी मोटारदुरुस्तीच्या कारखान्यात कामास. सक्तीच्या लष्करी सेवेपायी गीला अल्जीरियात जावे लागते. पत्रे विरळ होतात, आणि गर्भवती जनव्हिएव्ह एका सज्जन जवाहिऱ्याशी विवाह करते.

यातील प्रत्येक शब्द गायिलेला आहे. आपल्या संगीत नाटकात गद्य थांबते आणि पद सुरू होते. भावना उचंबळल्याची ती खूण असते. येथे मात्र मोटारीच्या दुरुस्तीची चौकशीही सुरांत आणि वियोगाचा आकांतही सुरांतच. मिशेल लग्रां यांच्या संगीतामुळे दुःखाला रोजच्या व्यवहाराहून वेगळा असा दर्जा उरत नाही. म्हणूनच ते अधिक खरे वाटते.

हीच गोष्ट रंगांची. पूर्वार्धात भिंतींवरील रंगीत कागद आणि पात्रांचे पोशाख एकमेकांस असे जुळतात, की माणसे आपल्या सुखात भिंतींसकट बुडालेली दिसतात. अखेरीस, १९६३ च्या डिसेंबरात, पेट्रोल पंपावर बर्फ पडत असते आणि सारे पांढरे झालेले असते. फिकट प्रतीत हा प्रवासच नाहीसा होतो. आरंभापासूनच सारे विटलेले दिसले, तर काय गमावले ते कळावे कसे?

दोष नाहीत असे नव्हे. जवाहिऱ्याचा चांगुलपणा कथेच्या सोयीचा वाटतो. तो माणूस म्हणून पुरेसा उभा राहत नाही. पडद्याच्या तळाशी येणारा अनुवाद वाचताना डोळे चित्रावरून ढळतात, हीही अडचण आहे. तिच्यावर तबकडीतच उपाय आहे. प्रथम अनुवादासह पाहावे, आणि कथा मनात बसली की तो बंद करून पुन्हा पाहावे.

या कथेत कोणीही दुष्ट नाही. आई व्यवहारी आहे, मुलगी भ्यालेली आहे, गी दूर आहे. एवढ्यावरच सारे तुटते. शेवटी मोटारीत बसलेली आपली मुलगी पाहावयास गी नकार देतो. तो निष्ठुर नाही. आपला नवा संसार त्याला सांभाळावयाचा आहे. प्रेमभंगानंतरही माणसे जगतात, नीट जगतात, हे सांगण्याचे धैर्य प्रेमकथांत दुर्मिळच. देमींपाशी ते होते.