पाटी भिंतीवरची आणि पाटी दिवाणखान्यातली

अमेरिकेत जुन्या सोडा-पेयांच्या जाहिरातपाट्या जमविण्याचा छंद इतका रुजला आहे की, त्याकडे केवळ धनिकांचा चाळा म्हणून पाहणे आम्हांस योग्य वाटत नाही. एनॅमलचे लोखंडी फलक, रंगीत पत्र्याची तबके, दिनदर्शिका, बाटल्या यांना तेथे कलावस्तूंचा मान लाभला आहे. तो कितपत रास्त, हा प्रस्तुत प्रश्न होय.

प्रथम गुण पाहू. १८८६ साली अटलांटा येथे जॉन पेंबर्टन यांनी कोका-कोला सिद्ध केले. त्या नावाची वळणदार अक्षरे त्यांचे हिशेबनीस फ्रँक रॉबिन्सन यांच्या हातची. अंधारात चाचपूनही ओळखता यावी अशी बाटली हवी, या मागणीतून १९१५ साली रूट ग्लास कंपनीची सुप्रसिद्ध बाटली जन्मली. १९३१ पासून हॅडन संडब्लॉम यांनी कंपनीसाठी सांताक्लॉज रंगविला. नॉर्मन रॉकवेल यांच्यासारख्यांनीही या कामी कुंचला उचलला. विक्रीसाठी काढलेले चित्र म्हणून ते हीन, असे आम्ही म्हणणार नाही. रविवर्म्याच्या छापखान्यातील चित्रेही विक्रीसाठीच निघत. तरी ती आपल्या देवघरांत पूजिली गेली.

तो छापखाना मुंबईत निघाला १८९४ साली. त्याच वर्षी जॉर्जिया राज्यातील कार्टर्सव्हिल गावी एका औषधालयाच्या भिंतीवर कोका-कोलाची जाहिरात रंगविली गेली. कंपनीची ती पहिली भिंतजाहिरात मानली जाते. ती आजही आपल्या जागी आहे, आणि म्हणूनच बोलते. औषधी पेय औषधालयात कसे विकले जाई, हे ती भिंतच सांगते. संग्राहकाच्या दिवाणखान्यातील पाटी मात्र मुकी होते. तिचा मुलामा कोठे उडाला, गंज किती चढला, मोल किती आले, याची काटेकोर नोंद असते. ती कोणत्या दुकानावर होती, याची बहुधा नसते. दृष्टी अशी पृष्ठभागावरच खिळली की नकलांचे फावते, आणि मुद्दाम गंजविलेली नवी पाटी जुनीच्या भावाने विकली जाते.

याहून गंभीर आक्षेप स्मृतीविषयी आहे. या पाट्यांवर सगळेच प्रसन्न आहेत. परंतु १ फेब्रुवारी १९६० रोजी नॉर्थ कॅरोलिनातील ग्रीन्सबरो येथे चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वुलवर्थ दुकानाच्या उपाहार-गल्ल्यावर बसले, तेव्हा त्यांना वाढण्याचे नाकारण्यात आले. त्या गल्ल्याचा एक भाग वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय इतिहास-संग्रहालयात जतन केला आहे. तोही त्याच काळाचा अवशेष. हसऱ्या पाटीच्या शेजारी तो ठेवून पाहिला, तरच तो काळ पुरता कळतो. नुसती गोड आठवण म्हणजे अर्धा इतिहास.

आपल्याकडेही गोटी-सोड्याच्या बाटल्या आणि जुन्या पाट्या हौसेने जमविणारे आहेत. त्यांच्या हौसेस आमचा विरोध नाही. त्यांनी वस्तूबरोबर तिचे गाव, दुकान आणि गिऱ्हाईक यांचीही नोंद ठेवावी, एवढीच विनंती आहे. देवळातील घंटेवर दात्याचे नाव व शक कोरलेला असतो. ती अक्षरे घासून टाकून नुसते पितळ चकचकीत राखणाऱ्यास आपण घंटेचा जाणकार म्हणत नाही.